हेवी ड्यूटी

आपल्याकडे 'गॅरेज' म्हटलं की मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान डोळ्यांसमोर येतं. काळी पडलेली जमीन, खिळ्याला टांगलेले टायर, आणि "छोटू, बारा-तेरा दे रे" अशी हाक. घरातल्या जागेला गॅरेज म्हणायची आपली पद्धत नाही. तिला आपण पोर्च म्हणतो. तिथे स्कूटर असते, चपलांचं कपाट असतं, आणि पावसाळा-हिवाळा कूलर तिथे कापड पांघरून झोपलेला असतो.

आमच्या सिडकोतल्या रो-हाउसला मात्र खरंखुरं गॅरेज आहे. निवृत्त झाल्यावर बाबांनी पोर्चच्या मागच्या भागावर पत्रा टाकून, एका बाजूला जाळी लावून दहा बाय आठची खोली करून घेतली. त्यात गाडी कधीच गेली नाही. त्यात गेले शिकंजा, ग्राइंडर, एक लाकडी टेबल आणि पस्तीस वर्षांची हत्यारं. नातेवाईक मंडळींना हे ठाऊक आहेच. तुमच्यापैकी निम्म्यांचे मिक्सर तिथूनच दुरुस्त होऊन गेलेत!

गेले चार महिने या गॅरेजसाठी हत्यारांचं कपाट शोधणं हा माझा जोडधंदा होता. पेटी म्हणा, ट्रॉली म्हणा, टूल चेस्ट म्हणा. कॉलेजात मराठी शिकवणारी बाई पत्र्याचा गेज आणि बेअरिंगचे चॅनेल यांत कशी काय शिरली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी थोडं बाबांच्या हत्यारांबद्दल. बाबा आयटीआयचे फिटर. १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. त्यातल्याच एकात बाबा मेंटेनन्सला लागले. कंपनीची हत्यारं कंपनीत, पण स्वतःचा एक पान्यांचा सेट असलाच पाहिजे, असं त्यांचं मत. पहिल्या पगारात घेतलेला तापारियाचा सेट अजून आहे. (ही कंपनी आपल्या नाशिकची, सातपूरची. बाबा हे दर पाहुण्याला सांगायचे.) मग दर दिवाळीला काहीतरी नवं यायचं. कधी रिंग पाने, कधी गोटी पान्यांची पेटी, कधी कानशी. आईला साडी आणि बाबांना पाना, असा आमच्याकडचा पाडवा.

हे सगळं ठेवलेलं कुठे? तर कशातही. एक निळी, उघडली की दोन्हीकडे पायऱ्या पसरणारी पत्र्याची पेटी. तीन बिस्किटांचे डबे. वॉशर श्रीखंडाच्या डब्यात, स्क्रू डालड्याच्या डब्यात, छिन्न्या ताडपत्रीच्या पिशवीत. बाबांना डोळे मिटून सगळं सापडायचं. त्यांना विचारलं की उत्तर यायचं, "विहिरीवरचं इंजिन खोललं तो पाना ना? टेबलाखाली, डाव्या डब्यात, तळाला." हत्यारांची नावं नव्हती, हकिकती होत्या. तो सगळा नकाशा एकाच माणसाच्या डोक्यात होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही एकाच सकाळी गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूचा डावा अर्धा भाग करतो, आणि उजवा हातही तोच चालवतो. म्हणून ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात. बोलण्याच्या या दुखण्याला अफेजिया म्हणतात. बाबांना बोललेलं जवळपास सगळं कळतं. काय म्हणायचं तेही आत तयार असतं. पण शब्द दाराशी येऊन अडतो. समोर पक्कड धरली तर ती कशी वापरायची हे डावा हात करून दाखवतो, पण 'पक्कड' हा शब्द येत नाही. कधी 'चमचा' येतो, आणि तो चुकलाय हे त्यांना लगेच कळतं. त्यांचा तेव्हाचा चेहरा पाहवत नाही.

गंमत अशी की जे पाठ असतं ते येतं. गणपतीची आरती सबंध येते. वार ओळीने येतात. आकडे ओळीने येतात. मधलाच एखादा आकडा विचारला की गाडी अडते. स्पीच थेरपीच्या ताई म्हणाल्या, हे असंच असतं, रुळलेली वाट शाबूत राहते, नवी वाट काढायला त्रास होतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते, म्हणून रोज सराव करून घ्या. चित्रांची कार्डं वापरा. सफरचंद, छत्री, घोडा.

बाबांनी तिसऱ्या दिवशी घोडा जमिनीवर टाकून दिला.

दादा पुण्याहून आला होता. त्याने रात्री जेवताना विषय काढला, की हत्यारं आता एखाद्या आयटीआयच्या होतकरू मुलाला द्यावीत. गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडतील. तो वाईट बोलला नाही. हत्यारांच्या बाजूनेच बोलला. आईने ताटातली भाकरी मोडायची थांबवली, पण बोलली नाही. मी म्हटलं, देऊ, पण आधी ती बाबांना दिसतील अशी मांडून बघू. त्या डब्यांतलं आता त्यांनाच काही काढता येत नाही आणि काय हवं ते आपल्याला सांगता येत नाही. मांडल्यावर त्यांनी हात लावला नाही तर देऊन टाकू.

तर शोध सुरू झाला तो असा.

पहिला धडा दुकानांत मिळाला. मोंढ्यापासून जालना रोडपर्यंत जिथे जाल तिथे प्रत्येक पेटी 'हेवी ड्यूटी' असते. कुलूप हेवी ड्यूटी, बिजागरी हेवी ड्यूटी, दुकानदाराच्या हातातला चहाचा थर्मासही बहुधा हेवी ड्यूटीच. सिद्ध करायची पद्धत एकच, वर थाप मारून आवाज ऐकवायचा. "बघा मॅडम, माणूस उभा राहील यावर!" आमच्याकडे कपाटावर उभं राहायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मला एवढंच हवं होतं की खुर्चीत बसलेल्या माणसाला, एका डाव्या हाताने, भरलेला खण उघडता यावा.

मग मी घरी येऊन हत्यारं तोलली. परदेशी जाताना बॅग तोलायचा हुकाचा काटा दादाने ठेवून दिला होता. पिशवीत भरून एकेक गठ्ठा टांगला. शिकंजा आणि ग्राइंडर सोडून ८४ किलो भरले! सगळ्यांत जड गठ्ठा हातोड्या, छिन्न्या आणि कानशींचा, २४ किलो. आई म्हणाली, "म्हणजे माझ्या घरात एक अख्खा माणूस जास्तीचा राहत होता."

तो काटा मी पर्समध्येच ठेवला आणि पुढच्या दुकानांत एक प्रयोग सुरू केला. खणात तिथलंच पंधराएक किलो सामान ठेवायला सांगायचं, हुक मुठीला अडकवायचा आणि ओढायचं. ज्या पेटीत पत्र्यावर पत्रा घासत सरकतो तिथे काटा पाच किलोच्या आसपास जायचा, आणि खण मध्येच तिरका होऊन अडायचा. ज्यात छर्ऱ्यांचे, म्हणजे बॉल बेअरिंगचे चॅनेल होते तिथे अर्ध्या किलोत खण गुपचूप बाहेर. दुकानदार माझ्याकडे बघत राहायचे. पण मला जे हवं होतं ते मिळालं. हेवी ड्यूटी पत्र्यात नसते, ती चॅनेलमध्ये असते. पेटी किती वजन सोसते यापेक्षा ते वजन पोटात घेऊन ती किती हलक्या हाताने उघडते, यात तिची ताकद आहे.

ज्यांना खरंच कपाट घ्यायचंय त्यांच्यासाठी बाकीचं थोडक्यात.

गेजचा आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९ च्या आसपास. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा पावणेआठ किलोच्या थोडा वर भरतो. तेवढ्यावरून कपाटाचं रिकामं वजन घरीच काढता येतं. सांगितलेलं वजन त्याच्या निम्मंच असेल तर पत्र्याबद्दल विचारा. बेअरिंगचे चॅनेल जोडीला ४५ किलो पेलणारे सहज मिळतात. त्यांना दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, आणि ते पूर्ण बाहेर येणारेच घ्यावेत. नाहीतर खणाच्या मागच्या पाव भागात काय आहे हे कायम गुलदस्त्यात. चाकांचं गणित करताना एकूण वजनाला चाराने नाही, तीनाने भागायचं. कारण जमीन कधी सपाट नसते आणि एक चाक नेहमी अधांतरी असतं. आमच्या शहाबादी फरशीवर तर हमखास. कपाट आणि हत्यारं मिळून १३५ किलो धरले तर प्रत्येक चाकाला ४५. म्हणून मी ७०-७५ पेलणारी मोठी चाकं घेतली, दोन सरळ, दोन फिरती, आणि फिरत्यांना ब्रेक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका वेळी एकच खण उघडेल असा अडसर आत असावा. दोन भरलेले खण एकदम बाहेर आले तर कपाट पुढे कोसळतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंगावर.

तयार कपाटांत या सगळ्या गोष्टी मिळत होत्या, पण एकत्र मिळत नव्हत्या. आणि उंची कुठेच जुळत नव्हती. ही कपाटं उभ्या माणसासाठी असतात. बाबांच्या खुर्चीतून वरचा खण छातीशी यायला हवा होता, म्हणजे कपाट तीस इंचांच्या वर नको. झाकण नको, कारण झाकण वर धरायला एक हात आणि हत्यार काढायला दुसरा लागतो. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या हत्यारांच्या ढिगाऱ्यांतही हिंडून आले. तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मला सांगितलं, "ताई, पेटी हत्याराच्या मापाची नाही, हाताच्या मापाची घ्यावी." मी त्याच्याकडून एक कानस घेतली. या वाक्याचे पैसे द्यायला दुसरा मार्ग सुचला नाही.

याच काळात रात्री जागून जगभरच्या हत्यारपेट्यांबद्दल वाचत होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हेन्री स्टडली नावाचा पियानो बनवणारा कारागीर होऊन गेला, १८३८ ते १९२५. त्याने केलेली भिंतीवरची लाकडी पेटी बंद केली तर साधारण ३९ इंच उंच आणि २० इंच रुंद, आणि तिच्यात सुमारे ३०० हत्यारं बसतात. एकावर एक नाही, तर प्रत्येक हत्यार त्याच्याच आकाराच्या कोनाड्यात. एक थर बिजागरीवर फिरवला की मागे दुसरा. मरण्यापूर्वी त्याने ती एका मित्राला दिली. फोटो बघताना माझ्या मनात आलं, की त्या मित्राला स्टडलीला काहीच विचारावं लागलं नसेल. कुठली वस्तू कुठे जाते हे पेटीच सांगते. उचललेल्या जागी तिचा आकार उरतो.

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत नोकरी केलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. तिथे भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगवलेली असते. जपान्यांच्या 'फाइव्ह एस'मधला हा प्रकार. हत्यार जागेवर नसलं की त्याची सावली दिसते. बाबा याला हसायचे. "ज्याला काम येत नाही त्याला चित्र लागतं." आता चित्र आम्हा सगळ्यांनाच लागणार होतं.

शेवटी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले. ते कारखान्यांसाठी ट्रॉल्या बनवतात. माझा कागद बघून म्हणाले, "ताई, हे कपाट नाही, टेबल झालं की हो." मी कारण सांगितलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मूठ लावू नका. खणाच्या पूर्ण रुंदीला पट्टी वाकवून देतो. कुठल्याही बोटाने, कुठूनही ओढता येईल." हे मला सुचलंच नसतं. पाच खण, २८ इंच रुंद, वरचे तीन उथळ, म्हणजे हत्यारांचा एकच थर बसेल. पत्रा रंगवण्याआधी सात टाक्यांतून धुऊन काढतात आणि मग पावडर कोटिंग होऊन १८०-२०० अंशांच्या भट्टीत भाजतात, हेही बघून आले. सगळं मिळून एकवीस हजार. दादाने निम्मे पाठवले. मी मागितले नव्हते.

मृगाच्या आधी कपाट घरी आलं. निळं. बाबांनी आधी चाकाला पाय लावून ब्रेक बघितला. मग डाव्या हाताच्या एका बोटाने वरचा खण ओढला. तो आला. आत ढकलला. पुन्हा ओढला. असं सात-आठ वेळा. आई आतून म्हणाली, "चॅनेल झिजतील ना!" बाबा हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

खणांत घालायला मी ईव्हीए फोम आणला होता, चपला ज्याच्या करतात तोच. वरचा थर काळा, खालचा पिवळा. काळा कापून काढला की हत्याराच्या आकाराचा पिवळा खळगा उरतो. वाटलं होतं की मी मांडेन आणि बाबा बघतील. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. डाव्या हाताने पाना दाबून धरता येईना, तर तो मी धरला, आणि त्यांनी त्याच्याभोवती रेघ ओढली. वाकडी, थरथरती. मी ती तशीच कापली. रोज दोन-तीन हत्यारं. पहिला खण भरायला बारा दिवस लागले. प्रत्येक खणात त्यांनी कापराची एक वडी ठेवायला लावली. गंज येऊ नये म्हणून जुने फिटर हे करतात. 'कापूर' शब्द आला नाही. त्यांनी आरतीचा हात करून दाखवला.

शब्द परत आले का, असं सगळे फोनवर विचारतात. थोडे आले. पुष्कळ नाही आले. 'हातोडी' येते, 'पेचकस' अजून येत नाही. पण आता शब्दाची वाट बघत थांबावं लागत नाही. ते रिकाम्या खळग्यावर बोट ठेवतात आणि आईसुद्धा त्या आकाराचं हत्यार शोधून आणते. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या सायकलचं चाक त्या दोघांनी मिळून बसवलं. बाबांचा डावा हात आणि आईचे दोन्ही. आई आता चारचौघांत 'दहा-अकरा' म्हणते, तेव्हा ती वेळ सांगत नसते.

खंडेनवमीला कपाटाला झेंडूची माळ घातली. पाचही खण एकामागून एक उघडून हळदकुंकू वाहिलं. दादा आला होता. त्या होतकरू मुलाचं नाव कुणी काढलं नाही. पण चौथ्या खणातल्या दुहेरी गोष्टी, दोन हातोड्या, जास्तीच्या कानशी, बाबांनी स्वतः बाजूला काढून दादापुढे ठेवल्या आणि रस्त्याकडे हात केला. त्या आता आयटीआयच्या एका मुलीकडे आहेत. फिटर ट्रेडच्या.

वरच्या खणात बाबांनी एक जागा मोकळी सोडायला लावली होती. पाने उतरत्या आकाराने नाही तर चढत्या क्रमाने लावलेत, डावीकडून उजवीकडे. पाचव्या पान्यानंतर त्यांनी चार बोटं जागा सोडली आणि पुढचा पाना ठेवला. मला वाटलं, हात पोचायला सोडली असेल. सकाळच्या सरावाला आता घोडा आणि छत्री नसते. खण ओढतात आणि एकेका पान्यावर बोट ठेवत म्हणतात. सहा-सात. आठ-नऊ. दहा-अकरा. बारा-तेरा. चौदा-पंधरा. ओळीनेच, पण म्हणतात. एरवी मोकळी जागा ओलांडून पुढे जायचे.

परवा त्या जागेवर बोट थांबलं. बराच वेळ. "सोळा-सतरा," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, स्वच्छ, "आण."

रविवारी मोंढ्यात जाऊन येते.